जगनने दुरुस्त केलेला आवाज

जगन राठोडला मी पहिल्यांदा पाहिलं त्याआधी ऐकलं होतं, आणि तेही माझ्या नवऱ्याच्या आवाजात.

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बाहेरून डॉक्टरांची हाक आली, "अगं, भावसिंग आलाय. दोन कप चहा टाक."

"दोनच? तुम्ही नाही घेणार?" मी आतूनच विचारलं.

बाहेर एकदम हसू फुटलं. डोकावून पाहिलं तर डॉक्टर खुर्चीत पोट धरून हसत होते. भावसिंगच्या शेजारी नुकतं मिसरूड फुटलेला एक सडपातळ तरुण पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होता.

"माफ करा बाईसाब," भावसिंग म्हणाला. "ह्यो माझा जगन्या. शाळंत घातलं तर मास्तरचा आवाज काढून राहिला, यष्टीत बसवलं तर कंडक्टरचा. सायबच म्हनले, माझा काढून दाखव."

"काढला की नाही बरोबर?" डॉक्टर मला म्हणाले. "बायको फसली म्हणजे पास!"

डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या दवाखान्यात त्यांची बरीच वर्षं गेली. भावसिंगचा तांडा तिथून जवळच. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरायचे. पुढे शेती आली तरी बैलाला ते घरातलाच मानत. भावसिंगच्या एका बैलाने चाऱ्यातून तार गिळली होती. ती डॉक्टरांनी पोट उघडून काढली, आणि तेव्हापासून तांड्यात लग्न असलं की आम्हाला पहिलं बोलावणं असे. अशा लग्नांत हळद लागल्यावर पोरं जगनला घेरायची. मग तो सरपंच, हेडमास्तर, सेनगाव गाडीचा कंडक्टर आणि शेवटी डॉक्टर करून दाखवायचा. "बैल तुझ्यापेक्षा शहाणा आहे, त्याला विचार काय दुखतंय" हे डॉक्टरांचं वाक्य तो असं म्हणायचा की म्हातारी माणसं मागे वळून बघत.

निवृत्तीनंतर आम्ही हिंगोलीत घर बांधलं. हिंगोली जिल्हा झाला, तशा गावात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. बारावी अर्धवट सोडलेल्या जगनने एका क्लासात नाव घातलं. तिथेच राहून मशीन उघडायला शिकला आणि बसस्टँडच्या मागे दुरुस्तीचं छोटं दुकान थाटलं. मीना नावाच्या, तांड्यातल्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. त्याच सुमारास पुण्याहून आमच्या श्रीधरने आपला जुना संगणक आमच्याकडे पाठवला. वडिलांनी जनावरांच्या आजारांवर टिपणं लिहावीत अशी त्याची इच्छा. डॉक्टरांनी पत्त्यांचा खेळ तेवढा शिकून घेतला.

त्या काळी हिंगोलीत संगणक बिघडला की दुकानदार एकच औषध सांगायचे. "फॉरमॅट मारतो." म्हणजे सगळं पुसायचं आणि विंडोज नव्याने भरायचं. प्रिंटर चालत नाही, फॉरमॅट. अक्षरं चौकोनी दिसतात, फॉरमॅट. डॉक्टर म्हणत, "ही कसली दुरुस्ती? जनावर खोकलं की गोळी घालायची!"

जगनचं तसं नव्हतं. निदान आमच्या घरी तरी नव्हतं. तो मशीनसमोर मांडी घालून बसे आणि बिघाड शोधत राही. कोणता प्रोग्रॅम नवा आला, कोण कोणाच्या आड येतंय, एकेक बंद करून बघे. त्याची अडचण एकच होती, इंग्रजी. कोणतं बटण कुठे आहे ते त्याला डोळे मिटून माहीत, पण पडद्यावर आलेली चौकट काय म्हणते ते कळत नसे. माझं शिक्षण सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. त्यामुळे मी शेजारी खुर्ची घेऊन वाचून दाखवायची आणि जगन बटणं दाबायचा.

"काय म्हनून राहिलं बाईसाब?"

"या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृत्य केलं आहे आणि तो बंद करण्यात येईल."

"आयला! बेकायदेशीर? आपुन काय केलं?"

"पोलिसांना कळवा," डॉक्टर पेपरच्या आडून म्हणाले. "बाईंना मात्र सोडा. त्या नुसत्या वाचत होत्या."

असे ते दिवस होते. जगनने त्या यंत्राला आमच्या घराचं वळण लावलं. पडद्यावर डॉक्टरांनी काढलेला लालकंधारी वळूचा फोटो आला. मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम बसला, आणि कोणत्या बोटाला कोणतं अक्षर हे त्याने कळफलकावर चिकटपट्टीचे तुकडे लावून मला दाखवलं. मी लहानपणापासून रोजनिशी लिहिते. ती वहीतच राहिली. पण पत्रं आणि पाककृती मी यंत्रावर लिहू लागले.

एके दिवशी जगन म्हणाला, "डॉक्टरसाब, मशीन चालू व्हताना जे टिंगटिंग वाजतं ना, त्ये बदलता येतं. काय पायजे ते टाकू. कुत्रं भुंकवू? बैल हंबरवू?"

"माझा आवाज टाकता येईल?"

"काहून न्हाई?"

मी कॉन्व्हेंटमधली, पहाटे उठून प्रार्थना म्हणणारी, म्हणून लग्नाच्या वर्षापासून डॉक्टर मला चेष्टेने ‘सिस्टर’ म्हणत. सकाळी मला कधी उशीर झालाच तर पलंगाच्या पायाशी उभे राहून म्हणायचे, "उठा सिस्टर, घंटा झाली." तेच वाक्य घ्यायचं ठरलं. जगनने माईक आणला, रेकॉर्डिंगची खिडकी उघडली आणि म्हणाला, "मी लाल बटन दाबलं की बोला."

डॉक्टरांना कसलाही धीर नव्हता. जगनचं बोट बटणावर पोचायच्या आत त्यांनी बोलायला सुरुवात केली. परत वाजवलं तर आवाज आला, "ठा सिस्टर, घंटा झाली." आणि शेवटी दाबलेलं हसू.

"‘उ’ गेला," जगन म्हणाला. "पुन्हा करू सायब."

"राहू दे रे. हजेरी लागली ना?"

"न्हाई, तसं बराबर वाटत न्हाई. अर्धं काम झालं. एकडाव पुन्हा..."

"जगन, उरलेला ‘उ’ बाईंनी मनात म्हणायचा," डॉक्टर म्हणाले आणि उठून गेले.

जगनला ते खटकलं. पुढे कितीतरी दिवस, आला की म्हणायचा, "सायब, त्यो ‘उ’ करून घेऊ." त्याने ती फाइल विंडोजच्या स्वतःच्या आवाजांच्या फोल्डरात ठेवली होती, टिंगटिंग आणि टुकटुकच्या मधोमध. मी विचारलं, माझ्या कागदांच्या फोल्डरात का नाही? तर म्हणाला, "आवाजानं आवाजाच्या वस्तीत ऱ्हावं बाईसाब. तिथं त्येला कोन हात लावत न्हाई."

डॉक्टर गेले ते एकाएकी. सकाळी फिरून आले, पाणी मागितलं आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

कार्य उरकलं, माणसं परतली. श्रीधर पुण्याला गेला. त्यानंतर एका सकाळी, काहीतरी करायचं म्हणून मी संगणक सुरू केला. डॉक्टर बोलतील हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"ठा सिस्टर, घंटा झाली."

मी तिथेच बसून राहिले. मग यंत्र बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं.

त्यांचा दुसरा आवाज माझ्याकडे नव्हता. श्रीधरच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ते दिसतात, पण बँड इतका मोठा आहे की नुसते ओठ हलतात. एवढं चार शब्दांचं वाक्य होतं. रोज स्नान झालं, प्रार्थना झाली की मी यंत्र सुरू करायची. लिहायचं असो वा नसो. ‘उ’ मी मनात म्हणायची आणि पुढचं ते म्हणायचे. जोडीने पूजा करावी तसं ते झालं होतं.

हे मी एकट्या जगनला सांगितलं होतं, श्रीधरलाही नाही. ऐकून जगन खाली मान घालून बसला. मग फ्लॉपी आणून त्याने त्या फाइलची नक्कल करून दिली. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरली आणि ती वाचेना. "फ्लॉपीचा भरवसा न्हाई. पुढच्या डावाला सीडी करून देतो," म्हणाला. पुढचा डाव आला, गेला. दुकान वाढलं होतं. शाळांची कामं मिळत होती. तो यायचा तेही धावतपळत.

एका उन्हाळ्यात यंत्र अडखळायला लागलं. सुरू होताना निळा पडदा यायचा आणि तिथेच थांबायचा. कधी सुरू व्हायचं, कधी नाही. मी जगनला फोन केला. तो आला, उघडून बघितलं, खटपट केली.

"दुकानात न्यावं लागंल बाईसाब. इथं व्हायचं न्हाई."

"तू तर नेहमी इथेच करतोस."

"आता शाळेच्या मशीनी लावून राहिलो ना, येळ न्हाई. दोन दिवसांत आनून देतो."

"आधी आवाज," मी म्हटलं. "बाकी काही गेलं तरी चालेल. पत्रं जाऊ देत, फोटो जाऊ देत. आधी आवाज बाहेर काढायचा, मग हात लावायचा."

"ते काय सांगावं लागतं का?"

"सांगतेय. फॉरमॅट मारणार नाहीस ना?"

"सेवाभायाची आन," असं म्हणून त्याने गळ्याला हात लावला. सेवालाल महाराजांची शपथ त्या माणसांत हलकी नसते. मी यंत्राचा डबा बांधायला जुनी चादर दिली.

दोन दिवसांचे बरेच दिवस झाले. फोन केला की मीना उचलायची. "ते कामावर गेलेत बाईसाब," एवढंच सांगायची. एकदा मागे कोणीतरी खोकल्याचा आवाज आला आणि मी फोन कानाशी घट्ट धरला. डॉक्टरांचा खोकला. मग वाटलं, वय झालं आपलं.

जगन आला तो सकाळी, नवा शर्ट घालून. त्याने डबा जागेवर ठेवला आणि तारा जोडल्या. माझ्याकडे न बघता बोलत होता. "नवीन विंडोज टाकलं बाईसाब. एकदम फास्ट. तुमची पत्रं हायत, पाककृती हायत, फोटो हायत. वळूबी लावला परत. बगा."

"आणि आवाज?"

"हाय ना." त्याने बटण दाबलं.

पडदा उजळला. वळू दिसला. आणि आवाज आला, "उठा सिस्टर, घंटा झाली." शेवटी तेच दाबलेलं हसू.

इतकं हुबेहूब होतं की एक क्षण, खरं सांगते, मला आनंद झाला. मी सवयीने मनात ‘उ’ म्हटला होता, आणि तो बाहेरूनही ऐकू आला होता.

"बंद करून परत सुरू कर," मी म्हटलं.

"कशाला? चालतंय की."

"सुरू कर, जगन."

त्याने केलं. "उठा सिस्टर, घंटा झाली."

"हा कोणाचा आवाज आहे?"

"कोनाचा म्हंजे? सायबाचाच. जरा साफ केला. सॉफ्टवेअर असतं तसं, खरखर काढून टाकायचं."

"‘उ’ कुठून आणलास?"

त्याचा हात माउसवरच राहिला.

"त्ये... सॉफ्टवेअर करतं बराबर."

"जे यंत्रात कधी गेलंच नव्हतं ते सॉफ्टवेअर कुठून आणेल? डॉक्टर ‘उ’ म्हणाले तेव्हा बटण तू दाबलं नव्हतंस. मी इथेच उभी होते."

तो खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसला.

"पत्रं काढली बाईसाब. फोटो काढले. समदं एका जागी घेतलं. समोर शाळेचा मानूस बोलून राहिला होता, त्येला घाई. मला वाटलं, समदं निघालं. मारला फॉरमॅट. आन मंग ध्यानात आलं, आवाज तुमच्या फोल्डरात नव्हताच. त्यो मीच तिकडं ठेवला होता. आवाजाच्या वस्तीत."

"शपथ घेतली होतीस."

"व्हय."

"मग येऊन सांगायचं."

"कसं सांगू? तुमी रोज... मला म्हाईत हाय ना तुमी रोज काय करता. चार-पाच दिवस डिस्क उकरली, पन काही गावलं न्हाई. जेवन जाईना. मंग मीनाच म्हनली, तुमाला सायब येतात ना काढता." त्याने वर पाहिलं. "लई डाव केला बाईसाब. कितीतरी डाव. बापाला ऐकवला तर बाप रडला. म्हनला, डॉक्टरच हाय. मंग वाटलं..."

"काय वाटलं? बायको फसली म्हणजे पास?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्याची दया आली नाही. आज मागे वळून बघतानाही येत नाही.

"आणि तो ‘उ’ का लावलास?" मी विचारलं. "जसा होता तसा तरी करायचास."

"त्यो अर्धा होता ना बाईसाब," जगन म्हणाला. "आता करूनच राहिलो तर पुरा करावा म्हनलं."

मी त्याला जायला सांगितलं. चादर दारात ठेवून तो गेला.

त्याच दुपारी मी यंत्रासमोर बसले. नवं विंडोज मला अनोळखी होतं, पण इंग्रजी वाचता येत होतं आणि रस्ता जगननेच वर्षानुवर्षं शेजारी बसून दाखवला होता. कंट्रोल पॅनेलमध्ये गेले, आवाजांचं पान उघडलं. एक लांब यादी होती: चूक झाली तर काय वाजावं, कचरा टाकला तर काय वाजावं. त्यात ‘विंडोज सुरू होताना’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे जगनने बनवलेल्या फाइलचं नाव. खाली यादी उघडली की सगळ्यात वर ‘काही नाही’ असा पर्याय असतो. तो निवडला. मग ती फाइल शोधून पुसली. यंत्राने विचारलं, तुमची खात्री आहे का? मी मोठ्याने वाचलं. सवय. शेजारी बटण दाबायला कोणी नव्हतं, मीच दाबलं.

त्यानंतर जगन आमच्या घरी आला नाही. दिवाळीत एकटा भावसिंग आला, जवळा बाजार गावाहून येताना गूळ घेऊन. म्हातारा झाला होता. डॉक्टरांच्या खुर्चीत बसायला सांगितलं तरी बसला नाही, उंबऱ्याशीच टेकला.

"बाईसाब, पोरगं आता कुनाचाच आवाज काढंना. भाचीच्या लग्नात समद्यांनी धरलं, डॉक्टर काढ, डॉक्टर काढ. उठून गेलं."

मी चहा दिला.

"एकडाव माफ करा त्येला. त्येनं वाईट मनानं न्हाई केलं."

"ते मला माहीत आहे, भावसिंग."

"मी सोता ऐकलं. मला तर फरक कळला न्हाई. डॉक्टरसाबच बोलले."

"तुम्हाला कळलं नसतंच. तुम्ही डॉक्टरांना पुरं बोलताना ऐकलं होतं."

त्याला ते समजलं की नाही कोण जाणे. त्याने कप धुऊन पालथा घातला. मी नको म्हणत असतानाही धुतला. आणि जाताना विचारलं, "त्येला सांगू का काही?"

फाइल पुसली गेली, ही माणसाची चूक. ती मी त्या दिवशीच सोडून दिली असती, त्याने दारात उभं राहून एवढंच म्हटलं असतं तर, की बाईसाब, गेला. मी रडले असते आणि दोन कप चहा केला असता. पण हे भावसिंगला कसं सांगावं? "मशीन बरोबर चालतंय म्हणा," मी म्हटलं.

ते खरं होतं. यंत्र फास्ट झालं होतं. जगनच्या हाताला गुण होता, हे मी नाकारत नाही. त्याचं दुकान आता मोठं आहे, मोबाइलही दुरुस्त करतो. मला बसस्टँडजवळून जायचं झालं की मी पलीकडची बाजू धरते. यंत्र बिघडलं तर दुसराच एक मुलगा येतो, आल्याबरोबर फॉरमॅट मारतो, आणि मी मारू देते; वळू तेवढा परत लावून घेते.

ज्याबद्दल जगनला मी काही सांगितलं नाही, ते इथे लिहिते. त्याने काढलेला तो आवाज मी दोनदा ऐकला, फक्त दोनदा. तरी तेवढ्यात काहीतरी झालं. इतकी वर्षं रोज ऐकलेला तो तुटका आवाज आठवायला मी डोळे मिटते. अजूनही रोज सकाळी, स्नान आणि प्रार्थना झाली की यंत्र सुरू करते. ते मुकाट उजळतं. वळू येतो. मी ‘उ’ मनात म्हणत नाही, मुद्दाम थांबते, म्हणजे पुढचं डॉक्टर म्हणतील. डॉक्टर बोलतात, अगदी स्पष्ट बोलतात.

आणि दर वेळी ‘उ’पासून सुरू करतात.